च्च

चौदा मिनिटं बत्तीस सेकंदांवर आजी काहीतरी म्हणते, आणि ते मला लिहिता येत नाही.

मी घरी बसून श्रुतलेखनाचं काम करते. म्हणजे लोकांनी केलेली रेकॉर्डिंग्ज कानाला लावायची आणि ऐकू येईल तसं टाइप करत जायचं. एका तासाच्या मुलाखतीला माझे पाच-सहा तास जातात. बोली अनोळखी असेल, मागे पिठाची गिरणी चालू असेल तर आठही. या खेपेला आलेलं काम होतं १९७२च्या दुष्काळात सरकारी कामांवर राबलेल्या बायकांच्या मुलाखतींचं. सातारा जिल्ह्यातला माण तालुका. सांगणाऱ्या सगळ्या सत्तरी-ऐंशीच्या आणि विचारणाऱ्या मुली विशी-पंचविशीतल्या. खडी, पाझर तलाव, सुकडी आणि मिलो, हे चार शब्द प्रत्येकीच्या बोलण्यात येतातच. त्यातही मिलोचं नाव घेताना प्रत्येकीचा आवाज जरा वाकडा होतो. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी पन्नास वर्षांनीही घशात अडकलेलीच आहे.

ही आजी त्यातली सातवी. आवाज कोरडा, वाक्यं तुटक. बोलता बोलता काहीतरी पाखडत असावी, कारण सुपाची लय सारखी ऐकू येते. सूप वर जातं, खाली येतं, मधेच बोटं फिरतात, पुन्हा वर. चौदाव्या मिनिटाला ती सांगते, "बारकं गेलं तवा सा म्हैन्याचं हुतं. मी कामावर. दुपारच्याला सांगाया आलं कुणीतरी." मुलगी थोडी थांबते. मग विचारते, "मग दुसऱ्या दिवशी कामावर गेला होतात का तुम्ही?" आणि आजी जिभेचं टोक दातांमागे टेकवून सोडते. एकदाच. च्च. त्यानंतर चार सेकंद काही नाही. सूपसुद्धा थांबलेलं. मग ती म्हणते, "खडी मोजून द्यावी लागायची." आणि सूप पुन्हा सुरू.

मी टाइप केलं होतं, 'च्च.' तपासून परत आलेल्या फाइलमध्ये तिथे होतं, 'नाही.'

तपासणाऱ्या मुलाची चूक म्हणता येणार नाही. आमच्याकडे नियमांचं एक पान आहे. हसणं, खोकणं, रडणं चौकटी कंसात घालायचं, 'अं', 'हं' गाळायचे, आणि हुंकाराला अर्थ असेल तर अर्थ लिहायचा. प्रश्न होता 'गेला होतात का'. उत्तरात जिभेचा आवाज. आपल्याकडे असा आवाज 'नाही' म्हणून करतातच. त्यानं सरळ हिशेब केला. पण मी पुन्हा पहिल्यापासून फाइल ऐकली आणि मोजलं. चाळीस मिनिटांत आजी नऊ वेळा 'न्हाय' म्हणाली आहे. पाणी न्हाय, दाणा न्हाय, नवरा तिथं न्हाय, त्या मुकादमाचं नाव आता ध्यानात न्हाय.

न्हाय म्हणायचं असतं तर न्हाय म्हणाली असती की.

आणि या एका आवाजावर एक अख्खा दिवस टांगलेला आहे. तो 'नाही' असेल, तर पोर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती घरी राहिली, आणि खडीचं माप पडलं नाही म्हणून तेवढी मजुरी बुडाली. ती हळहळ असेल, तर ती गेली. हातोडी घेऊन, उन्हात, कारण खडी मोजून द्यावी लागायची. आणि तिसरंही काही असेल. 'काय इचारतीस बाय' असं. तो प्रश्नच तिनं सुपातल्या खड्यासारखा बाजूला काढला असेल. उद्या कुणी तरी ही मुलाखत वाचणार, त्यावर काही लिहिणार, आणि त्याच्यासमोर दोन अक्षरांचा निकाल असणार: ना-ही, पूर्णविराम.

लहानपणी आमच्या बार्शीच्या घरात या आवाजाला बंदी होती. मुलांपुरती. "जेवलीस?" "च्यक." "अभ्यास झाला?" "च्यक." मान किंचित वर, भुवया वर, जीभ एकदा टाळ्याला चिकटून सुटली की काम झालं, शब्द खर्चायचा नाही. माझी आजी लगेच उखडायची. "तोंडात जीभ आहे ना? मग बोल की. पाल आहेस का भिंतीवरची?" गंमत म्हणजे जीभच तर वापरत होते! पण ही बंदी घालणारी आजी स्वतः या आवाजाची सम्राज्ञी होती. दूध नासलं की एक, लांबलेला, शेवटी थोडा ओला. पेपरातली अपघाताची बातमी मोठ्यानं वाचली की लागोपाठ तीन-चार, हळूहळू विरत जाणारे. बाजारातून आणलेली वांगी किडकी निघाली की एकच, कडक, दुकानदाराच्या सात पिढ्यांना पुरेल असा. मी चूक केली की एक, आणि मग डोक्यावर हात. हा शेवटचा मला वांग्यांच्या जवळचा वाटायचा आणि दुधाच्या जवळचा निघायचा. कोणता कुठला हे घरातल्या सगळ्यांना कळायचं. कुणी शिकवलं नव्हतं.

आजोबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दहा दिवस बायका भेटायला येत होत्या. पायरी चढताना चपला काढायचा आवाज, लुगड्यांचा आवाज, आणि बसल्यावर पहिल्यांदा शब्द नाहीत, तर तेच: च्च, च्च, च्च. एकीनं सुरू केलं की दुसरी, मग तिसरी. अंधाऱ्या माजघरात, पत्र्यावर पहिले थेंब पडावेत तसं. मला ते तेव्हा खोटं वाटायचं. कारण त्याच बायका त्याच जिभेनं दुसऱ्या मिनिटाला आजीच्या पाटल्यांची चौकशी करायच्या. आज वाटतं, कदाचित खरं-खोटं असं काही त्यात नसेलच. कुणाच्या घरात गेल्यावर कडी वाजवावी तशी ती दुःखाच्या दाराची कडी. वाजवली, आत आल्या, बसल्या.

मराठीनं या आवाजाचं क्रियापद करून टाकलं आहे, चुकचुकणं, आणि ते माणूस आणि पाल दोघांना समान वाटून दिलं आहे. आपण हळहळतो तेव्हा चुकचुकतो. मनात शंका आली की तिथे पाल चुकचुकते. भिंतीवरची खरी पाल चुकचुकली की आजी जमिनीवर बोटानं टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. त्यामुळे माझ्या डोक्यात पाल म्हणजे काहीतरी बिनसणार, हे पक्कं. इथे पुण्यात आमच्या मजल्यावर एक बंगाली बाई राहतात. एकदा त्यांच्याकडे चहा घेत होते, त्या मुलाच्या नोकरीबद्दल काही सांगत होत्या, आणि ट्यूबलाइटमागून पाल बोलली. मी सवयीनं टेबलावर बोट आपटणार तोच त्या खूश होऊन म्हणाल्या, "ठीक ठीक ठीक!" त्यांच्याकडे पालीचं नावच टिकटिकी, आणि ती 'टिक टिक' करते म्हणजे 'ठीक, ठीक' म्हणते. बोलणाऱ्याचं खरं आहे असा शिक्काच. मग त्यांनी खनाची गोष्ट सांगितली. खना ही मोठी ज्योतिषी. तिचं भाकीत कधी चुकायचं नाही, म्हणून सासरच्यांनी तिची जीभ कापली, आणि ती कापलेली जीभ पालीनं खाल्ली. तेव्हापासून पालीला खरं काय ते कळतं. मी चहाचा कप हातात धरून बसले. तीच पाल, तोच आवाज. आमच्याकडे शंका, त्यांच्याकडे ग्वाही. आणि त्यांच्या गोष्टीत तर तो आवाज मुळात एका बाईची छाटलेली जीभच आहे.

परत आल्यावर मी आरशासमोर उभी राहून हा आवाज करून पाहिला. हसू नका. आयुष्यभर केलेली गोष्ट कशी करतो हे पाहायला गेलं की हात-पाय विसरतात तशी जीभ विसरते. पण शांतपणे केलं तर कळतं. जिभेचं टोक वरच्या दातांमागे बसतं, जिभेचा मागचा भाग पडजिभेजवळ टाळ्याला लागतो, आणि दोन्ही दारं बंद झाल्यावर मधली जीभ थोडी खाली ओढली जाते. तोंडात एवढीशी पोकळी तयार होते. पुढचं दार उघडलं की बाहेरची हवा आत घुसते, च्च. फुप्फुसातल्या वाऱ्याचा यात संबंध नाही. आपले क-ख-ग, अ-आ-इ सगळे बाहेर जाणाऱ्या श्वासावर बसून निघतात. हा एकटा श्वासाशिवायचा. श्वास रोखून करा, होतो. नाकानं गुणगुणत करा, तरी होतो. तान्हं मूल दूध ओढतं तेव्हाही त्याची जीभ असंच काहीतरी करत असते. म्हणून तो आपल्या वर्णमालेत नाही. कंठ्य, तालव्य, दंत्य अशी टापटिपीची घरं बांधणाऱ्यांनी श्वासाशिवाय बोलणाऱ्याला घर दिलं नाही. 'च्च' लिहिलं की वाचणारा 'बच्चा'तला 'च्च' वाचतो, आणि ते अगदीच वेगळं.

ठाण्यात आम्ही काही वर्षं राहिलो, तिथे शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब होतं. मूळचे अलिबागकडचे, घरात अस्सल कोकणी वळणाची मराठी. त्यांची मुलगी माझी मैत्रीण. पुढे ते सगळे इस्रायलला गेले, आता ती अश्दोदला असते. तिच्या मराठीत अजून 'बंब', 'फडताळ' असे शब्द आहेत, जे माझ्या मुलीला माहीत नाहीत. मी तिला व्हॉट्सॲपवर हा किस्सा सांगितला, तर तिचा हसण्याचा व्हॉइस मेसेज आला. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात हिब्रू येत नव्हतं. बसमध्ये चढून तिनं ड्रायव्हरला पत्त्याचा कागद दाखवला. त्यानं भुवया उंचावल्या, हनुवटी किंचित वर केली आणि 'च्यक'. ती निमूट खाली उतरली आणि मग फुटपाथवर तिच्या लक्षात आलं, की त्या देशात तिला पूर्ण समजलेलं हे पहिलं वाक्य. "अगं, अगदी आमच्या पप्पांसारखं केलं त्यानं," ती म्हणाली.

तो ड्रायव्हर काही वेगळं करत नव्हता. तो सगळा पट्टाच तसा आहे. अरब मुलखात, तुर्कस्तानात, ग्रीसमध्ये मान मागे टाकून जिभेचा असा एक चटका दिला की 'नाही'. तुर्की माणसं तो 'जक्'सारखा लिहितात आणि नापसंतीनं लागोपाठ केला तर त्याचं क्रियापदही करतात, आपल्या चुकचुकण्यासारखंच. ग्रीक लोक 'त्सु' लिहितात. त्यांनाही जमलेलं नाही म्हणायचं. पण इंग्लंडकडे सरकलं की 'नाही' पार पुसला जातो आणि उरते ती फक्त नापसंती किंवा कीव. डेव्हिड गिल या भाषाशास्त्रज्ञानं जगभरच्या भाषांचा असा नकाशाच काढला आहे: कुठे या चटक्याला हो-नाहीचं काम आहे आणि कुठे फक्त भावनेचं. सेनेगलच्या वोलोफ भाषेत तर 'हो' म्हणायलाही जिभेचा चटका आहे. म्हणजे आजीच्या त्या मुलाखतीत वोलोफ बाई बसली असती, तर तिसराच निकाल लागला असता. आपण मराठी माणसं दोन्ही दुकानं एकाच गाळ्यात चालवतो. नाहीही तोच, हायहायही तोच. आणि म्हणूनच चौदा बत्तीसवर माझी पंचाईत.

याच्या उलट 'हं?' बघा. नीट ऐकू आलं नाही की आपण म्हणतो तो 'हं?'. नेदरलँड्समधल्या मार्क डिंगेमान्से आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांतली रोजची संभाषणं तपासली तर तो सगळीकडे जवळजवळ सारखाच निघाला. त्याबद्दल त्यांना २०१५ साली इग नोबेल मिळालं, ते आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. मला ते वाचून बरं वाटलं, पण जरा हेवाही वाटला. 'हं?' टाइप करताना माझं बोट कधी अडखळलेलं नाही.

रस्त्यावरचा चटकाही सांगायला हवा, नाहीतर मी या आवाजाचं फारच गोंडस चित्र काढलं असं होईल. कॉलेजच्या वाटेवर पानाच्या टपरीपाशी उभी असलेली मुलं. शीळ वाजवली तर कुणी पकडेल. जिभेचा चटका कुणी दिला हे कधीच कळत नाही. ओठ हलत नाहीत. मान वळवून पाहावं तर चार चेहरे आभाळाकडे. बैल हाकताना आजोबा गालाच्या कोपऱ्यातून असाच एक जाडसर 'ट्लक' काढायचे, आणि आमचा पवळ्या कान मागे टाकून पाय उचलायचा. टपरीवरून येणारा आवाज त्याच कुळातला होता. मी पाय उचलायची. आजही मागून तसा आवाज आला तर पावलं वेगानं पडतात, आणि मग स्वतःचाच राग येतो.

हा गालातला 'ट्लक' आणि दातांमागचा 'च्च' दोन्ही जिथे सरळ व्यंजनं आहेत, अशा भाषा दक्षिण आफ्रिकेत आहेत हे मला वरवर माहीत होतं. पण कधी तोंडात घेऊन पाहिलं नव्हतं. झुलू आणि खोसा भाषांना रोमन लिपी देताना मिशनऱ्यांनी त्यांच्याकडे रिकामी पडलेली तीन अक्षरं या आवाजांना देऊन टाकली: दातांमागच्याला सी, टाळ्यावरच्या टणक 'टॉक'ला क्यू, गालातल्याला एक्स. नेल्सन मंडेला वाढले त्या गावाचं नाव आपण 'कुनू' म्हणतो, ते क्यूनं सुरू होतं, म्हणजे बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आधी आणि मग 'उनू'. 'खोसा' हे नावच बैल हाकायच्या आवाजानं सुरू होतं. मी दोन दुपारी स्वयंपाकघरात झुलूतलं एक वाक्य घोकलं. पाणी मागायचं असेल तर म्हणतात 'न्गिसेला अमान्झी', आणि त्या 'से'च्या जागी 'स' नसून आपला 'च्च' असतो. न्गि, चटका, एला. कणीक मळता मळता शंभरदा म्हटलं. पहिल्यांदा शब्द फुटायचा. चटक्याआधी आणि नंतर खड्डा पडायचा. मग एकदा अचानक जमलं, चटका 'ए'च्या पोटात शिरला. आणि मला इतका विचित्र आनंद झाला. आजीनं बंदी घातलेला आवाज, आणि तो 'कृपया पाणी द्या' यातल्या 'कृपया'मध्ये बसला होता. झुलूत 'नाही'ला जो शब्द आहे, तोही याच चटक्यानं सुरू होतो. मराठीशी नातं असायचं कारण नाही. पण कणकेचे हात तसेच ठेवून मी थोडा वेळ उभी राहिले.

तिथूनच मला ल्यूसी लॉइड सापडली.

झुलू आणि खोसांनी हे आवाज ज्यांच्या शेजारात उचलले, ती माणसं त्याही आधीची, त्यातली काही शिकार आणि कंदमुळांवर राहणारी. त्यांच्यातल्या एका भाषेत आज बोलणारं कुणी उरलेलं नाही. १८७०च्या सुमाराला केपटाउनच्या तुरुंगात त्या भाषेचे काही लोक गुरं-मेंढरं चोरल्याच्या शिक्षा भोगत होते. विल्हेल्म ब्लीक नावाच्या जर्मन भाषापंडितानं त्यातल्या काहींना परवानगी काढून आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि तो व त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड त्यांच्या गोष्टी ऐकून लिहून घेऊ लागले. ब्लीक १८७५मध्ये वारला. ल्यूसी पुढे लिहीत राहिली. दोघांच्या वह्यांची मिळून बारा हजारांच्या आसपास पानं आहेत, त्यातली बहुतेक तिच्या हातची. एका बाजूला मूळ भाषा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रिवाइंड करायला बटण नाही, हेडफोन नाही. सांगणारा समोर बसलेला, बायकोच्या आठवणीनं घरी जायला आसुसलेला, आणि लिहिणाऱ्या बाईच्या लिपीत त्याच्या निम्म्या आवाजांना अक्षरच नाही. त्या वह्यांची छायाचित्रं मी रात्री उशिरापर्यंत बघत बसले. बारीक, घाईचं, तरी वाचता येणारं अक्षर. समव्यवसायी बाईचं अक्षर लगेच ओळखू येतं.

या आवाजांसाठी तिनं वापरली ती खूण रिशार्ड लेप्सियस या जर्मन पंडिताच्या १८५५च्या वर्णमालेतली. दातांमागच्या चटक्याला एक उभी रेघ. गालातल्याला दोन. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीनंही १९८९मध्ये शेवटी याच रेघा स्वीकारल्या. ल्यूसीला सगळ्यात जास्त गोष्टी सांगणाऱ्यांपैकी एक म्हातारा होता, त्याच्या नावाचा अर्थ 'स्वप्न', आणि ते नाव दोन उभ्या रेघांनी सुरू होतं. ॥कब्बो. मी ते पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. हे मला लहानपणापासून वाचता येत होतं! देवघरातल्या पोथीत, आरत्यांच्या पुस्तकात, प्रत्येक ओळीला एक दंड, प्रत्येक श्लोकाला दोन. आपण तिथे श्वास घेतो. त्या माणसाच्या नावात तिथे जीभ श्वासाशिवाय बोलते. आज त्या मेलेल्या भाषेतलं एक वाक्य दक्षिण आफ्रिकेच्या राजचिन्हावर आहे, २००० सालापासून. त्यातही एक एकेरी आणि एक दुहेरी दंड उभा आहे, आणि देशातल्या बहुतेकांना ते मोठ्यानं वाचता येत नाही.

सकाळी मी मुलाखत घेणाऱ्या मुलीला फोन लावला. तिचा नंबर फाइलबरोबरच आलेला असतो, पण मी सहसा कुणाला त्रास देत नाही. ती बसमध्ये होती. म्हटलं, "सातव्या मुलाखतीतल्या आजी आठवतात? तू त्यांना दुसऱ्या दिवशीचं विचारलंस, तेव्हा त्यांनी मान हलवली का गं?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ताई, खरं सांगू? मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मला तो प्रश्न विचारल्यावर इतकं कसंतरी झालं की मी फोनकडेच बघत बसले, रेकॉर्डिंग चालू आहे का ते." आणि थोड्या वेळानं, "मी तो विचारायला नको होता ना?" मी म्हटलं, "असं नाही गं." पण मला जे निश्चित कळायला हवं होतं, ते आता कुणाकडेच नव्हतं. पुन्हा जाऊन विचारणं हा एक मार्ग होता. तो तिनंही सुचवला नाही, मीही नाही.

फोन ठेवून मी तो तुकडा आवाज पूर्ण वाढवून ऐकला, अर्ध्या वेगावर. अर्ध्या वेगावर 'च्च' खूप मोठा होतो. जीभ सुटल्याचा आवाज आणि मागोमाग हवा आत ओढल्याचा बारीक फुत्कार, दोन्ही वेगळे कळतात. आणि त्या चार सेकंदांत, ज्यांना मी आत्तापर्यंत 'काही नाही' म्हणत होते, बांगड्या वाजतात. दोन-तीनच, काचेच्या. हात कुठेतरी गेलेला आहे. कपाळाला लावला असेल, डोळ्याला पदर लावला असेल, प्रश्न झटकून टाकला असेल, किंवा सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला असेल. मग "खडी मोजून द्यावी लागायची."

मी फाइल उघडली. 'नाही' खोडलं. 'च्च' लिहिलं, तेही खोडलं. चौकटी कंसात 'हळहळतात' लिहून पाहिलं. ते वाचून माजघरातल्या त्या बायका आठवल्या. मग कीबोर्डवर दंडाची कळ शोधली. मराठीत आता आपण पूर्णविरामाला टिंबच देतो, ती कळ वर्षानुवर्षं दाबली जात नाही. '।' एवढंच टाकलं. पुढे चौकटी कंसात: 'बांगड्यांचा आवाज. चार सेकंद.' आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी तपासणाऱ्या मुलाचा फोन आला. भाजी फोडणीला टाकली होती, फोन खांद्यात धरला. "ताई, सातव्या फाइलला चौदा बत्तीसवर एक उभी रेघ पडलीय. चुकून टाइप झालीय का?"

"च्च," मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"म्हणजे... काढू?"